जमलेल्या मुलाचं स्थळ

माणसाने एखादी गोष्ट मनापासून मागितली की अवघं विश्व ती ऐकतं, हे मी आता मान्य करतो. आमच्या औंढ्याकडे फक्त विश्वाच्या आधी शेजारी ऐकतात.

माझा पुतण्या औंढ्यात खत-बियाण्यांचं दुकान चालवतो. दुकान चांगलं, तिशी ओलांडलेली, लग्न जमत नव्हतं. मुलींना पुण्याचा मुलगा हवा असतो, आणि पुण्यात युरिया खपत नाही. म्हणून हिंगोलीत 'ध्येयसिद्धीचं विज्ञान' शिकवायला एक सर आले तेव्हा तो मला सोबत घेऊन गेला. मंगल कार्यालयाच्या स्टेजवर, ऐन उन्हाळ्यात, सर कोट घालून उभे होते. अणूविषयी इतक्या आपुलकीने बोलत होते की अणू त्यांच्या सोयऱ्यांतला असावा. सार एवढंच, की 'व्हावं' म्हणायचं नाही, 'झालं' म्हणायचं. शंका घेतली की लहरी तुटतात. मी शंका विचारली तेव्हा माईक बंद पडला.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं: 'माझं लग्न जमलं आहे. मी कृतज्ञ आहे.'

वहिनींनी लाटणं खाली ठेवलं. "कोनाची पोरगी रे?"

"ते अजून कळलं न्हाई आई. विश्वानं ठरवून ठेवली."

"मंग विश्वाला म्हन, पोरीच्या बापाला बी कळव."

दुपारपर्यंत दुकानात अभिनंदनाला माणसं येऊ लागली. नाही म्हणावं तर ती शंका झाली असती. त्याने सगळ्यांना चहा पाजला.

सोयाबीन निघालं, दिवाळी झाली, तुळशीचंसुद्धा लग्न लागलं. आमच्याकडे एकही पाहुणा फिरकला नाही. सरांच्या ग्रुपवर विचारलं तर उत्तर आलं की श्रद्धा कमी पडते आहे, पुढच्या पातळीचा वर्ग नांदेडला आहे. शेवटी वहिनींनी मला मध्यस्थाकडे पिटाळलं. आमच्या भागातल्या बऱ्याच सोयरिकी याच म्हाताऱ्या गृहस्थांनी जुळवल्या आहेत.

"मामा, आमच्या पोराला विसरलात का?"

"इसरतो कसा? सिद्धेश्वर गावची एक पोरगी त्याच्यासाठीच धरून ठेवली होती. बीएस्सी झालेली. बापाला दुकानदारच पायजे होता. पन तुमच्या पोरानंच गावभर केलं, जमलं म्हनून. जमलेल्या पोराचं स्थळ दाखवून मी चपला खाऊ का?"

"अहो, जमलंच नव्हतं."

"म्हंजे मोडलं?"

"जमलंच नाही तर मोडेल कसं?"

"भाऊ, तुमी शिकलेले. लोक इचारतील, मोडलं काहून? मी काय सांगू, विश्वानं नकार दिला?"

मी बसने घरी येईपर्यंत मोडल्याची बातमी माझ्याआधी पोचली होती, कारणासकट. कारण इथे लिहीत नाही. ते पुतण्याच्या प्रकृतीविषयी होतं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि डोळे मिटून बसला. त्याला मंडप स्पष्ट दिसतो म्हणे, झालरीसकट.

सिद्धेश्वरच्या त्या मुलीचं लग्न माघात सेनगावच्या एका दुकानदाराशी झालं. त्याने मामांना फोन केला होता.