सॅम्पल फ्लॅटमधला पलंग

मी एका बिल्डरकडे सॅम्पल फ्लॅट दाखवते. भर दुपारी खरी गिऱ्हाइकं येत नाहीत. येतात ते लेक्चर नाही म्हणून शहर बघत हिंडणारे विद्यार्थी. आज दोघी मुली आल्या. आल्या आल्या एसीखाली जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हाच ओळखलं. "दादासाठी बघतोय, मॅडम," एकीने सांगितलं. कधीकाळी मीही हेच सांगायचे.

"केवढी मोठी बेडरूम आहे," म्हणत दुसरी पलंगावर आडवी झाली. तिचे पाय पोटऱ्यांपासून बाहेर लोंबायला लागले. "मॅडम, हा लहान मुलांचा आहे का?"

"हो," मी म्हणाले.

लहान मुलांचा कसला. इथलं सगळं फर्निचर मुद्दाम आखूड करून घेतात, म्हणजे खोली मोठी दिसते. उभ्याने बघणाऱ्याला ते कळत नाही.

युनिव्हर्सिटीत असताना आम्हीही मोकळ्या दुपारी हे शहर असंच उभ्याउभ्या पाहिलं. काचेची दुकानं, टेकडीवरचे बंगले, त्यांच्या फाटकांवरच्या बोगनवेली. हॉस्टेलवर परतताना वाटायचं, एवढ्या मोठ्या शहरात आपल्यापुरती जागा सहज निघेल. निघालीही. आता राहते त्या खोलीत मी गादी अंथरली की दार उघडत नाही.

पलंगावरून उठलेली मुलगी बाल्कनीतून खाली बघत मैत्रिणीला म्हणाली, "शिक्षण झालं ना, की मी इथेच राहणार."

मी तिच्या हातात माहितीपत्रक दिलं. त्या गेल्यावर पलंगावरची चादर ताणून नीट केली. खोली पुन्हा मोठी दिसायला लागली.