हार पडला आणि व्हायोलिन थांबलं

साळवे सरांची आणि माझी ओळख झाली ती मी त्यांची टिंगल केली म्हणून. तेव्हा मी नगरच्या एका दैनिकात आठवड्याचं विनोदी सदर लिहीत असे. केडगावच्या शाळेतले चित्रकलेचे एक शिक्षक दर रविवारी वीस-पंचवीस माणसं जमवून विलायती संगीत बसवतात, असं कानावर आलं आणि मला आयतंच कुरण सापडलं. ‘दारात शेपूट सापडलेल्या मांजरांचे संमेलन’ असा मथळा देऊन मी मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सर दारात उभे. हातात छत्री होती, म्हणून मी दोन पावलं मागे सरकलो.

“छान लिहिलंय,” सर म्हणाले. “फक्त तुम्ही ज्याला ढोलाएवढं व्हायोलिन म्हटलंय ना, त्याला चेलो म्हणतात. आणि तुम्ही तालीम न ऐकता लिहिलंय. रविवारी या.”

गेलो. सहा महिन्यांत त्यांच्या वाद्यवृंदाचा चिटणीस झालो. टीकाकाराला कामाला जुंपून गप्प करण्याची ही रीत मी नंतर पुष्कळ पुढाऱ्यांमध्ये पाहिली; निर्मळ मनाने ती वापरणारे सर एकटेच.

सरांचे वडील शेवगावच्या लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि वडिलांनी मुलाला बँडमधून काढून नगरच्या शाळेत घातलं. लष्करातून निवृत्त झालेल्या एका बँडमास्तरांनी त्यांना व्हायोलिन शिकवलं. सर शिकले, पण बँड विसरले नाहीत. त्यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिनं चर्चमधली, ड्रम लष्करातले आणि पितळी वाद्यांवर शेवगावच्या बँडमधले सहा जण. कुणी “ते साधे बँडवाले” म्हणालं की सर शांतपणे विचारत, “तुमच्या लग्नात कोण वाजवत होतं?”

या सहा जणांचे म्होरके किसनराव. त्यांना नवी कवळी बसवली आणि त्यांच्या कॉर्नेटचा, म्हणजे आखूड ट्रम्पेटचा, सूर फाटायला लागला. सरांनी त्यांना तीनदा दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. तिसऱ्या खेपेला कॉर्नेटही बरोबर नेला. डॉक्टर कवळी घासणार, किसनराव फुंकणार, सर मान हलवणार, पुन्हा घासणं. अखेर सूर सरळ लागला तेव्हा बाहेर बसलेले दोन रुग्ण दात न दाखवताच निघून गेले होते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. चार वर्षं ती मी पोटात ठेवली आहे.

मुंबईहून डिमेलो नावाचे पाहुणे कंडक्टर आले आणि एका जर्मन रचनाकाराची व्हायोलिन व वाद्यवृंदासाठीची रचना बसवली. एकल व्हायोलिन साळवे सरांचं. पूर्ण वाद्यवृंदासमोर उभं राहून एकदा तरी ही रचना वाजवायची, यासाठी सरांनी तीस वर्षं वाट पाहिली होती. तालमीत डिमेलोसाहेबांनी पितळवाल्यांना एवढंच बजावलं, “माझी काठी बघा. दुसरं काही बघू नका.” किसनरावांनी मान डोलावली. “साहेब, आमी नजरंवरच वाजवतो.”

ते खरंच होतं, आणि तिथेच घात झाला.

कार्यक्रमाचे अध्यक्ष होते साखर कारखान्याचे चेअरमन. सरांची शाळा ज्या संस्थेची, तिचेही अध्यक्ष तेच. सहाला येणार होते. सव्वासातला आले. मंचावर दुसरा, संथ भाग चालू होता. सरांचे डोळे मिटलेले, सूर इतका बारीक की पंख्यांचा आवाज मोठा वाटावा. आणि आमच्या जिल्ह्याचा रिवाज असा की, चेअरमन आले की चाललेलं थांबतं. कीर्तन थांबतं, भाषण थांबतं. तिरडी उचललेली असेल तर क्षणभर खाली टेकवतील. या रिवाजावर मी स्वतः चार लेख पाडले होते. तरी माझे पाय माइककडे गेले. “आदरणीय चेअरमनसाहेबांचं आगमन झालेलं आहे!” हा आवाज माझाच होता, हे मला स्पीकरमधून ऐकल्यावर कळलं.

साहेब थेट मंचावर चढले. डिमेलोसाहेबांना मागचं काहीच दिसत नव्हतं, काठी चालूच होती. पाहुण्यांच्या सत्कारासाठी आणलेला झेंडूचा भलामोठा हार साहेबांनी मागून त्यांच्या गळ्यात घातला.

वीस वर्षं लग्नं वाजवणाऱ्या माणसाला हार पडलेला दिसला की तो काय करतो? मंगलाष्टकं संपली, हार पडला, की बँड उसळलाच पाहिजे. क्षणाचा उशीर झाला तर वरबाप डोळे वटारतो. किसनरावांचा आणि बाकी पाचांचा दम एकदम भरला आणि त्या जर्मन संथ भागावर नवरा-नवरीच्या स्वागताची धून तोफेसारखी येऊन आदळली. लष्करातल्या ड्रमवाल्यानेही, हुकूम आलाय असं समजून, ठेका धरला.

सभागृह हसलं. मागून शिट्ट्या आल्या. साहेबांना वाटलं, हे आपल्यासाठीच. त्यांनी हात उंचावला. किसनरावांच्या तोंडचा कॉर्नेट खाली आला आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

“सर, चुकलं हो. हार दिसला अन् वारं सुटलं तोंडातनं.”

सर व्हायोलिनची धनुकली हवेत तशीच धरून उभे होते. तेवढ्यात साहेबांनी माझ्या हातून माइक घेतला. “वा! ह्याला म्हणायचं वाजवणं! मास्तर, ते रडगाणं पुरं झालं आता. बँडच होऊ द्या!”

टाळ्या पडल्या. मीही दोन वाजवल्या असाव्यात. तीस वर्षांची वाट टाळ्यांच्या आवाजात बुडत होती आणि चिटणीस टाळ्या वाजवत होता.

सर पुढे आले. “साहेब, आम्ही पहिल्यापासून वाजवणार आहोत. आपण बसा.”

“पहिल्यापासनं? मला पुढं शेवगावला लग्नाला जायचंय, मास्तर.”

“मग या आपण. आम्हाला अर्धा तास लागेल.”

या जिल्ह्यात चेअरमनना कुणी ‘या’ म्हणालं नव्हतं. सरांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. माझ्या शेजारचे संस्थेचे कारकून पुटपुटले, “गेलं मास्तर पाथर्डीच्या पल्याड.”

साहेबांनी सरांकडे पाहिलं, मग दाराकडे. आणि ते खाली उतरून पहिल्या रांगेत बसले.

किसनरावांनी कंडक्टरना हात जोडले. “साहेब, तेवढा हार आत ठिवा. समोर असला की दम धरवत न्हाई.” हार आत गेला. रचना पहिल्यापासून सुरू झाली. सरांनी कसं वाजवलं ते लिहायला माझ्याकडे भाषा नाही. टवाळीची भाषा आहे, ती इथे चालत नाही. एवढंच सांगतो की संथ भागात सहाही पितळवाले काठीवरची नजर न हलवता बसले होते आणि किसनरावांच्या डोळ्यांतलं पाणी त्यांना पुसता येत नव्हतं. साहेब शेवटच्या सुरापर्यंत बसले. लग्न चुकलं. उठताना म्हणाले, “लई अवघड काम हाय, मास्तर.”

आम्हाला वाटलं, विरघळले. आठ दिवसांनी सरांच्या हातात बदलीचा हुकूम पडला. पाथर्डीच्या पलीकडे. गाणं आवडलं म्हणून अपमान माफ करायची पद्धत आमच्याकडे नाही.

मी पेटून लेख लिहिला. सरांनी तो वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. “हा छापलात तर कारखान्याच्या हद्दीतल्या लग्नांच्या सुपाऱ्या किसनरावांना मिळणार नाहीत. हुकूम माझा आला आहे. त्यांचा कशाला आणता?” दोन वर्षं त्यांनी एस.टी.ने ये-जा केली. रविवारची तालीम एकदाही चुकली नाही.

आता किसनरावांनीच बँड मुलांच्या हवाली केला आहे, आणि मुलांना सुपाऱ्या जिल्ह्याबाहेरून येतात. मला म्हणाले, “लिवा आता. समद्यांना कळू द्या, चूक आमची हुती अन् भरलं सरांनी.” म्हणून लिहिलं.

सरांच्या साठीच्या समारंभाला प्रमुख पाहुणे कोण, असं समितीने सरांना विचारलं. त्यांनी चेअरमनसाहेबांचं नाव घेतलं. आम्ही सगळे खुर्चीतून उडालो. “या जिल्ह्यात शेवटपर्यंत बसून ऐकलेले पुढारी मला तेवढे एकच माहीत आहेत,” सर म्हणाले. साहेबांचा होकार आला आहे. सर तीच रचना वाजवणार आहेत.

सरांची बोटं अशीच चालत राहोत, खांदा दुखू नये, कान शाबूत राहोत, आणि त्यांना शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य लाभो. ही प्रार्थना निःस्वार्थी नाही. समोर चेअरमन आले तरी जागेवर बसून राहायला मला अजून शिकायचं आहे, आणि माझी प्रगती पाहता सरांना तेवढी वर्षं लागतीलच.