सुतक समुद्र ओलांडत नाही

"फाईल खुर्चीवर ठेव आणि लांब थांब," साहेब म्हणाले.

कंपनीच्या फाटकात बस उभी होती. पुण्याहून विमान, पुढं अंदमान, मग बोटीनं बेट. सगळ्यांची तिकिटं त्या फाईलमध्ये होती. मी हात पुढं केला होता. साहेबांनीही केला होता. मग त्यांना काहीतरी आठवलं आणि त्यांनी हात मागं घेतला. शेजारी वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची होती. मी फाईल तिच्यावर ठेवली. मागं सरले. मग त्यांनी ती खुर्चीवरून उचलली.

"सुतक हाय न्हवं तिला," ते बाकीच्यांना म्हणाले. "नारळ फोडायचाय."

माझी आई जाऊन आठवडाही झाला नव्हता.

नारळ विश्वासरावांनी फोडला. ते आमच्या अकाउंट्सचे प्रमुख. त्यांचे सख्खे चुलते त्याच आठवड्यात वारले होते. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "विश्वासराव, तुमास्नी बी सुतक की वो!" त्यांनी चाकापुढं नारळ आपटला. खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. "आमचं सुतक गावाकडं हाय," ते म्हणाले. "ते काय समुद्र वलांडत न्हाय गड्या."

सगळे हसले. बस गेली. डांबरावर नारळाचं पाणी तेवढं राहिलं.

ही सहल मी आखली होती. सहल म्हणायचं नाही, रिट्रीट म्हणायचं, असं साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आमची कंपनी पंपाचे सुटे भाग ओतते. अधिकाऱ्यांना एकदा बेटावर न्यायचं, एकत्र राहायचं, एकमेकांना ओळखायचं, असा बेत होता. मी ऑफिसचं व्यवस्थापन बघते. त्यामुळं मीही त्यात होते. कोणाला बोट लागते, कोणाला गुरुवारी उपास, हे सगळं मी विचारून घेतलं. बेटावरच्या आचाऱ्याला फोनवरून पांढरा रस्सा समजावून सांगितला. तो बिचारा दरवेळी नारळाचं दूध ऐकलं की मासा घालू का विचारायचा. वाचनालयातून बेटांवरची पुस्तकं आणून वाचली. भरती-ओहोटी कशानं होते, पोवळी कशी वाढतात. मला समुद्र फक्त पुस्तकात माहीत होता.

आईला तेवढाही नव्हता. ती कोडोलीत लोकांच्या उसात भांगलणीला जायची. मी विमानानं जाणार हे तिनं सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. पन्हाळा-कोल्हापूरच्या पुढं ती कधी गेली नव्हती. कोल्हापूरला येऊन तिनं माझ्यासाठी निळी चाकांची बॅग घेतली. "इमानात खिडकीकडंला बस," म्हणाली. "खाली काय काय दिसतंय त्ये समदं येऊन मला सांग. फोटू नगं. तू सांग."

मग ती गेली. शेतातच पडली. दवाखान्यापर्यंतही पोचली नाही.

भन्तेजी आले, वंदना झाली, आम्ही तिला पोचवून आलो. दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. बोटीच्या वेळा बदलल्यात, तुझ्याशिवाय कुणाला कळत न्हाय, जरा येऊन बघ. मी गेले. दिवसभर काम केलं. संध्याकाळी त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. "तुझ्यावर सुतक हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "बरोबरच्या बायका मानतात. तू यंदा राहू दे. घरी वडलांजवळ बस."

मला वाटलं, माणूस माझ्या दुःखाचा विचार करतोय. डोकं बधिर होतं. मी त्यांना थँक यू म्हटलं.

आम्ही बौद्ध. आमच्यात सुतक नसतं. दरवर्षी एप्रिलमध्ये मी जयंतीची रजा मागते आणि साहेबच ती मंजूर करतात. आम्ही कोण, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आणि कसलं सुतक? मी टाईप केलेलं चाललं. मी ठरवलेल्या खोल्या चालल्या, मी सांगितलेला रस्सा चालला. फक्त मी चालले नाही.

बस गेल्यावर दुपारी शबाना डबा घेऊन माझ्या टेबलापाशी आली. ती रिसेप्शनला बसते. मी जेवत नव्हते. तिनं भाकरी मोडून माझ्यापुढं ठेवली आणि दाराकडं बघून म्हणाली, "एक सांगू? रागावू नगंस. सुतकाचं काय न्हाय त्ये."

"मग?"

"खोलीत दोघी-दोघी ऱ्हाणार हुत्या न्हवं? तुझ्यासंगं ऱ्हायला कोण तयार न्हवती. त्यातल्या एका मॅडमनी साहेबास्नी माझ्यासमोर सांगिटलं. साहेब म्हणले, बघतो, काय तरी निमित्त काढतो." ती जवळ सरकली. "तुझी आई जित्ती हुती तवाच तुझं नाव काटलंतं बाई."

त्या दुपारी मी रडले नाही. आई गेल्याच्या दिवशीही इतकी गार पडले नव्हते. ते निमित्त शोधत होते. आई त्यांच्या वेळेवर मेली. उन्हात वाकून वाकून संपलेल्या बाईचं मरण त्यांनी उचललं आणि आपल्या कामाला लावलं. जिवंतपणी लोकांच्या शेतात राबली. मेल्यावरही त्यांच्याच उपयोगी पडली.

शेवटच्या संध्याकाळी साहेबांचा निरोप आला. मीटिंग रूममध्ये थांब, बेटावरून व्हिडिओ कॉल करतो, तुझा सत्कार करायचाय. भिंतीवरच्या पडद्यावर ते सगळे आले. गळ्यात शिंपल्यांच्या माळा, मागं नारळाची झाडं. त्यांच्याही मागं समुद्र. मी पहिल्यांदा त्याच्याकडंच बघितलं. पुस्तकात लिहिलेलं खरं होतं. कडेला हिरवा आणि पुढं एकदम निळा.

साहेब माईकवर म्हणाले, "घरात एवढं दुःख, पण पोरीनं सगळं बैजवार केलं. सुतकामुळं बिचारीला येता आलं न्हाय. टाळ्या!"

टाळ्या झाल्या. "बोल की दोन शब्द," विश्वासराव ओरडले.

मी उभी राहिले. बोलले.

"सर, आमच्यात सुतक नसतं. आम्ही बौद्ध आहोत, तुम्हाला माहीत आहे. सुतक विश्वासरावांना होतं. नारळ त्यांनी फोडला. मी आले नाही असं म्हणू नका. मला आणलं नाही. माझ्या खोलीत राहायला कोणी तयार नव्हतं. हे तुम्ही माझ्या आईवर ढकललंत. तिचं नाव यात घ्यायचं नाही."

लाटांचा आवाज येत राहिला. मग कुणीतरी कॉल तोडला.

पुढं काही घडलं नाही. माफी नाही, चौकशी नाही. मला स्टोअरला बसवलं, गोदामाच्या कडेला, जिथं फोन येत नाही. शबाना डबा घेऊन यायची थांबली. तिला दोन लेकरं आहेत, मी तिला दोष देत नाही. बेटावरचे फोटो व्हरांड्यात लावले. खाली लिहिलं, 'आमचं एक कुटुंब'. वडील म्हणाले, "गप बसायचं हुतंस." बॅगेवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. आईला सांगण्यासारखं माझ्याकडं काही नाही आणि ऐकायला ती नाही. हे बदलेल असं मला वाटत नाही.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. यंदा नारळ साहेबांच्या हातात होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग बाजूला बघितलं. मी लांब सरकावं, हे त्या नजरेत होतं.

मला त्या नारळाशी देणंघेणं नाही. प्रसादही नको. पण लांब कुठं थांबायचं, हे आता मी ठरवणार. मी सगळ्यांच्या पुढं जाऊन उभी राहिले. हात जोडले नाहीत.

साहेब तसाच नारळ धरून थांबले. मी सरकले नाही. नोकरी सोडणार नाही, जागा सोडणार नाही. जोवर हे फाटक उघडतंय तोवर मी त्यांना रोज दिसणार आहे.