दगडावरची मधली ओळ

रविवार, २४ ऑगस्ट, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे. नात दीना उपासनेसाठी चर्चला गेली आहे. घरात मी एकटा आहे. चौतीस वर्षे रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढली. वेळ टाकल्याशिवाय मजकूर लिहू नये, ही तिथली सवय. माझी पत्नी सलोमी हिला जाऊन सहा आठवडे झाले. कर्जतच्या दफनभूमीत पावसाने माती खचते, म्हणून कबरीवर दगड लगेच ठेवत नाहीत, आधी माती बसू देतात. आता दगड तयार आहे. कुंभिवलीच्या पाथरवटाने नाव आणि तारखा कोरल्या आहेत. मधली ओळ रिकामी आहे आणि ती आज दिवस मावळायच्या आत त्याला कळवायची आहे. तिथे ‘देवाच्या हवाली’ असे कोरावे, असा दीनाचा आग्रह आहे. तिच्या आजीच्या तोंडचे ते शब्द. मला ते नको आहेत. का नकोत, ते लिहून पाहावे म्हणून बसलो.

लग्नानंतरची सहा वर्षे आम्ही ठाकुरवाडीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये होतो. सलोमी नगरकडची, सपाट मुलखात वाढलेली. घाटातला पाऊस तिने पाहिला नव्हता. दरड आली की मला दोन-दोन दिवस घरी फिरकता येत नसे. एकदा तिसऱ्या दिवशी दुपारी परतलो, तर दार सताड उघडे आणि ही गाढ झोपलेली. मी चिडलो. भीती वाटली नाही का, असे विचारले.

“वाटली ना.”

“मग झोप कशी लागली?”

“अहो, मी जागी राहिल्याने दरड थांबणार होती का? तुम्हाला देवाच्या हवाली केलं आणि पडले.”

उत्तर उद्धट होते. पण पुढे घाटात, धुक्यात हातभर अंतरावरचे दिसत नसताना, ते मला आठवत असे आणि पाय नीट पडत असत. हे मी तिला कधी सांगितले नाही. माझी स्वतःची श्रद्धा बेताचीच. तिच्या श्रद्धेवर मात्र मी निर्धास्त विसंबलो होतो, हे आज कबूल केले पाहिजे.

रोज संध्याकाळी सातला घरात प्रार्थना होत असे. आतल्या खोलीत बसायचे, डोळे मिटायचे आणि एकेकाने मोठ्याने, जे मनात असेल ते देवाशी बोलायचे, हा तिच्या माहेरचा रिवाज. मुलगा नऊ वर्षांचा असताना एकदा सलोमीने देवाकडे मागितले, “यांचा राग थोडा कमी कर बाबा, निदान जेवताना तरी.” मुलाने ते दुसऱ्या दिवशी नळावर सांगितले. दुपारी लाइनीवरच्या गँगमनने मला विचारले, “सायब, आज जेवान शांततेत झालं का?” बाकीचे फावड्यांवर रेलून हसत होते. त्याच संध्याकाळी मी नियम केला… प्रार्थनेत बोललेले त्या खोलीच्या बाहेर न्यायचे नाही. शेजाऱ्यांकडे नाही आणि आपसांतही नाही. सलोमी म्हणाली, “बरं, त्याचं त्याच्याजवळ राहील.” हा नियम घरात कोणी मोडला नाही.

निवृत्त झाल्यावर आम्ही कर्जतला घर बांधले. सातच्या सुमारास मी ओटीवर रेडिओ घेऊन बसू लागलो. बातम्या चुकवायच्या नव्हत्या, आणि तिची प्रार्थना लांबत असे. तिने एकदा विचारले, मी नाही म्हटले. पुन्हा तिने विचारले नाही. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला. तीन वर्षांपूर्वी दीना नर्सिंगच्या शिक्षणासाठी आमच्याकडे आली आणि आत पुन्हा दोघींचे आवाज येऊ लागले. नातीने आजीचे सगळे उचलले. आजही एखाद्याला सुई टोचण्याआधी तिचे ओठ क्षणभर हलतात. मी विचारले, तर म्हणाली, “आजीनं सांगितलंय, आपला हात एकट्याचा समजायचा नाही.”

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सलोमीचे डोळे पिवळे दिसू लागले. कावीळ असेल, असे मला वाटले. पनवेलला दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी जुने कागद चाळले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “आठ महिन्यांपूर्वी आम्ही ऑपरेशन सुचवलं होतं. त्यांनी नको म्हणून लिहून दिलं. तुम्हाला माहीत नव्हतं?”

मला माहीत नव्हते. पोटात गाठ आहे हे आठ महिने तिला ठाऊक होते. त्या आठ महिन्यांत तिने लोणची घातली, पळसदरीला मैत्रिणीच्या सुनेच्या बाळंतपणाला जाऊन राहिली, माझ्या स्वेटरची बाही उसवून पुन्हा विणली. मी खाटेजवळ गेलो. “मला का नाही सांगितलंस?” तिने डोळे उघडले. “सांगितलं की. रोज सांगत होते.” भ्रमात बोलते आहे, असे मी समजलो. दुसऱ्या दिवशी ती गेली. आमचे शेवटचे बोलणे ते एवढेच.

दफनानंतर चौथ्या दिवशी मी दीनाला समोर बसवले. तू शिकलेली, तुला ऑपरेशनचा अर्थ कळतो, तू गप्प कशी राहिलीस, असे विचारले.

“आजोबा, आजी ते फक्त प्रार्थनेत बोलली. नियम तुमचा होता. ऑपरेशन करून घे म्हणून मी पण प्रार्थनेतच भांडले तिच्याशी.”

“मग?”

“म्हणायची, तुझे आजोबा मला ओढत मुंबईला नेतील, मला माझ्या घरात राहायचंय गं. पण त्यांना कळायला हवं, असं पण म्हणायची. म्हणून मुद्दाम मोठ्यानं बोलायची ती. तिचा आवाज चढला, की तुम्ही रेडिओ मोठा करायचात.”

हे ऐकूनही माझे मन निवळले नाही, हे स्पष्ट लिहितो. आतल्या खोलीतून ओटीपर्यंत सहा पावले आहेत. ती पावले तिला टाकता आली असती. पन्नास वर्षांच्या संसारानंतर मी एवढ्याला पात्र होतो. मला तिने घाटात देवाच्या हवाली केले, तेव्हा तिच्या जागे राहण्याने काही फरक पडणार नव्हता, हे मान्य. पण स्वतःला हवाली करताना तिने मला विचारलेसुद्धा नाही. ज्या श्रद्धेवर मी निर्धास्त होतो, तिनेच मला दाराबाहेर ठेवले. आणि देवाबद्दल म्हणाल, तर त्याने आठ महिने सगळे ऐकले आणि तोही गप्पच राहिला… दीना म्हणते, असे बोलू नये. मी दुसरे काही बोलू शकत नाही.

दुपारी सव्वातीनला पाथरवटाचा फोन आला. “काका, मधली वळ अजून रिकामी हाय. काय टाकू? मागं एका मास्तरच्या दगडावर अशीच जागा उरली, घरचं कोनी बोलंना, मग मी कमळ काढलं. तुमच्यात कमळ चालतं का?”

चालत नाही, असे सांगितले. सिग्नल खात्यात एक गोष्ट अंगी मुरली होती: जे घडले ते लिहायचे, आपल्याला पटले की नाही ते लिहायचे नसते. सलोमीने स्वतःला देवाच्या हवाली केले. हे घडले. तिथे दुसरे काही कोरणे खोटे झाले असते. मी त्याला दोन शब्द सांगितले आणि त्याच्याकडून दोनदा वाचून घेतले.

“आन् खाली तुमचं नाव? शोकाकुल पती म्हनून घालतात लोकं.”

“नको. ते तिचे शब्द आहेत. त्याखाली माझी सही नको.”

“बरं काका. जशी तुमची इच्छा.”

संध्याकाळी सात वाजता दीना आतल्या खोलीत बसली. मी आत गेलो आणि तिच्यासमोर बसलो. तिने आश्चर्य दाखवले नाही. ती काय बोलली ते इथे लिहिणार नाही. सलोमीचे प्रार्थनेतले बोलणे वर लिहून आज नियम मोडला, तेवढे पुरे. माझी पाळी आली तेव्हा मला काही बोलता आले नाही. दीना थांबली… बरीच थांबली. मग तिने दोघांच्या वतीने आमेन म्हटले आणि ती कुकर लावायला गेली.

बसायची चटई तशीच पसरलेली होती. मी ती गुंडाळली. एवढी वर्षे हे काम सलोमीने केले होते. चटई कुठे ठेवायची, ते मला दीनाला हाक मारून विचारावे लागले. कपाटामागे, भिंतीला उभी, असे ती म्हणाली. मी ती तिथे उभी केली.