सरळ केलेलं चर्च

साल २०१४, जून संपत आलेला. गावाकडे आर्द्रा लागल्या होत्या आणि मी सिंगापुरात, मुलाकडे बिशानला, बाराव्या मजल्यावर. आता तिथे मी काय करून ठेवलं ते ऐका. हसायचं तर हसा, चूक माझीच होती.

मी गवंडी. शाळा चौथीपर्यंत, ओळंबा पन्नास वर्षं. माझ्या भिंतीत कुणी सूतभर वाकडेपणा दाखवला तर मिशी काढीन.

माझी नात ईरा, चौदा वर्षांची. सुट्टीत तिने शाळेसाठी पुठ्ठ्याचं एक चर्च बांधलं होतं. युरोपातल्या कुठल्याशा टेकडीवरचं, आठशे वर्षांपूर्वीचं. पुढे चौकोनी मनोरा, मग लांब दालन, मागे अर्धगोल गाभारा. दगड म्हणून पुठ्ठ्याचे तुकडे, एकेक कापून चिकटवलेले. तीन आठवडे पोरगी त्यातच होती. सोमवारी द्यायचं होतं.

शनिवारी सगळे मरीन परेडला जेवायला गेले. मी गुडघ्याचं निमित्त करून राहिलो आणि चर्चकडे नीट पाहिलं. गाभारा दालनाला तिरपा. चांगला बोटभर!

आता तुम्हीच सांगा, गवंड्याच्या नातीने असं काम शाळेत न्यायचं? तिच्या कंपासपेटीतला गुण्या घेतला. दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला. गाभारा सोडवला, कडा तासल्या, काटकोनात बसवला. चार तास लागले. पाणीसुद्धा प्यायलो नाही.

मंडळी आली तेव्हा मी खुर्चीत ताठ बसून शाबासकीची वाट पाहत होतो.

ईरा बघत राहिली. मग तिथल्या पोरांसारखं वाक्यामागे 'लाह' लावत हळू म्हणाली, "आजोबा, ते वाकडंच आहे लाह. खरं चर्चपण."

"मग तो गवंडी पिऊन होता."

कुणी हसलं नाही. सूनबाईने सांगितलं, ईराचा विषयच तो होता. हे चर्च वाकडं का? त्याचं कारण तिला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं. ईरा खोलीत गेली. दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. तिने ते आवाज न करता लावलं.

मी तिचा नकाशा घेऊन बसलो. अक्षरं इंग्रजी, पण भिंती मला वाचता येतात. मधोमध ठिपक्यांची एक लहान चौकट होती. मुलगा म्हणाला, ते आधीचं जुनं चर्च, नंतर पाडलेलं.

मी ईराचं दार वाजवलं. "जुनं कधी पाडलं गं? नवं बांधायच्या आधी?"

"नाही, नवीन झाल्यावर. का?"

"म्हणजे बांधकाम चालू असताना आत लोक प्रार्थना करत होते. मधे जुन्या भिंती उभ्या. मग गवंडी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ओढणार कुठून? त्याने नजरेने बांधलं. लोकांची प्रार्थना बंद पडू दिली नाही."

तिने पेन उचललं. "आजोबा, परत सांगा. सावकाश."

रविवारी गाभारा उखडला. जाणूनबुजून वाकडं काम आयुष्यात पहिल्यांदाच. हात ऐकेना. ईरा गुण्या धरून शेजारी, मुकादमासारखी.

"परत सरळ आलं, आजोबा. काढा."

पन्नास वर्षांत माझं काम कुणी उखडायला लावलं नव्हतं. तिने दोनदा लावलं.

तिसऱ्यांदा बसलं. सोमवारी चर्च वाकडं होऊन शाळेत गेलं.