हात जोडलेला फोटो

तिरोड्याच्या एका धान खरेदी संस्थेची वेबसाइट मी केली होती. माझ्या लॅपटॉपवर ती झकास दिसायची. पण संस्थेच्या ऑफिसातला कॉम्प्युटर जुनाट, त्यातला ब्राउझर त्याहून जुनाट. त्यात अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो घसरून थेट ‘तक्रार नोंदवा’ या बटणावर बसायचा. आणि शेतकरी तक्रार द्यायला त्याच कॉम्प्युटरवर यायचे! नवा ब्राउझर त्या डबड्यावर चालेना, नवं मशीन घ्यायला अध्यक्ष तयार नाहीत. फुलचूरच्या माझ्या घरून तिरोड्याला खेटे घालून माझं डोकं फिरलं. शेवटी सगळी मांडणी जुन्या पद्धतीने पुन्हा लिहिली, फोटो लहान केला, तेव्हा कुठे बटण मोकळं झालं.

तेवढ्यात अध्यक्ष आले. स्क्रीनकडे बघून म्हणाले, “माझा फोटो लहान काऊन दिसून राहिला?”

मी सांगितलं, मोठा केला तर बटण झाकलं जातं, तक्रार करताच येत नाही.

“मंग काय झालं? मोठा करा.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण साइट त्यांची. केला मोठा.

यंदाच्या आमसभेत त्यांनी तसेच हात जोडले आणि म्हणाले, “सालभरात एकही तक्रार नाही.” लोकांनी टाळ्या वाजवल्या.