गालात मावेल तेवढीच फुंक

जन्मल्याबरोबर रडलेल्या लेकराचा किस्सा होत नाही. किस्सा होतो न रडलेल्याचा! सत्तर-ऐंशीच्या दशकात मी तुमसर तालुक्यात सुईणपण केलं, आणि असल्या न रडलेल्यांनी माझ्याजवळ किश्श्यांचा ढीग लावून ठेवलाय. शाळेची पायरी चढले नाही. अक्षरं औषधाच्या बाटल्यांवरून शिकले. तरी मला अडाणी म्हणायची हिंमत कोणी केली नाही.

*

सिहोऱ्याला एक लेकरू निळंजांभळं आलं. तेव्हाच्या रिवाजानं आजीनं त्याच्या कानाशी थाळी बडवायला घेतली. मी बोटाला स्वच्छ कापड गुंडाळून तोंडातला चिकटा काढला, अंग पुसलं, पाठ चोळली. रडलं!

म्हातारी म्हणते, "पाह्य, थाळीचा गुण!"

"मंग आता आणखी वाजव, पाहू चूप होते का!"

*

पुढे सरकारी दवाखान्यात आम्हा सुईणींचं ट्रेनिंग झालं. डॉक्टरांनी टेबलावर रबरी बाहुली ठेवली. श्वास नसेल तर नाकातोंडावर तोंड ठेवून हळूच फुंका, म्हणाले. आम्ही साऱ्या जन्मभर ओली लाकडं पेटवणाऱ्या! मी अशी फुंक मारली की बाहुलीचं मुंडकंच निखळून टेबलाखाली गेलं.

"मावशी, हे लेकरू आहे, चूल नाही! गालात मावेल तेवढीच हवा!"

मी मुंडकं परत बसवलं. "साहेब, पहिली चूक बाहुलीवर झाली, हे बरं नाही का?"

पुढच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये साहेब हे वाक्य स्वतःचं म्हणून सांगत!

*

तिथंच चिकटा ओढायची नळी मिळाली. एक टोक लेकराच्या तोंडात, दुसरं माझ्या, मधल्या डबीत घाण अडकते. नाकाडोंगरीत ती वापरत होते, तर बाळंतिणीचा सासरा दारातून डोकावला आणि बोंबलत सुटला, "दाई पोट्ट्याचा जीव पिऊन राहिली!"

माणसं काठ्या घेऊन दारात. तेवढ्यात आत लेकरू असं किंचाळलं की काठ्या खाली! मी डबी सासऱ्यापुढे धरली.

"हा घ्या जीव. पाहिजे होता नं?"

*

चिखल्याला एक लेकरू महिनाभर आधीच आलं. रडलं, पण श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जात, नाकपुड्या फडफडत, कण्हत होतं. हे फुंकेचं काम नव्हे, ऑक्सिजनचं. मला माझी हद्द कळते. आईच्या छातीशी बांधून खाणीतून मँगनीज नेणाऱ्या ट्रकजवळ नेलं. ड्रायव्हर म्हणे, "सवारी मना हाय."

"दीड किलोची कायची सवारी? मालात धर!"

त्यानं ट्रक दवाखान्यापर्यंत असा जपून नेला, जशी मागे अंडीच भरलीत! लेकरू आठ दिवस ऑक्सिजनवर राहिलं आणि तरलं.

*

आता माझ्या जावेचं. बांधावरच्या एका बोरीवरून आमचं बारा वर्षं बोलणं बंद. अडलंच तर तिसऱ्याला म्हणायचं, "सांगा तिले." तिची लेक अडली, तेव्हा बोलावणंही शेजारणीच्या तोंडूनच आलं.

लेकरू आलं ते ढिम्म. पुसलं, चोळलं, चिकटा ओढला. काही नाही. फुंकायला लागले.

जाऊ भिंतीला म्हणाली, "सांगा तिले, थांबू नोको."

मी दोन फुंकांच्या मधे खाटेला म्हटलं, "सांगा तिले, मले शिकवू नोको."

ओठ बधिर झाले. मग त्या एवढ्याशा अंगाला एक उचकी आली, दुसरी आली, आणि पोरगी रडली.

जाऊ उठून चुलीवर आधण ठेवून आली. मग नातीजवळ वाकली. "सांग तुह्या आजीले, चहा ठेवला म्हणा."

मीही पोरीच्याच कानाशी गेले. "सांग तिले, साखर जास्त टाक."